डेस्कटॉपची घरघर: कॅबिनेट उभं असलं की आवाज, आडवं केलं की शांत

अक्षरवेळ | शुक्रवार, रात्री २:१०

नमस्कार मंडळी. मी दृष्टिहीन मुलांसाठी शाळेची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. सध्या आठवीचा इतिहास चालू आहे. घर दादर आणि माटुंग्याच्या मधे, खिडकीतून रूळ दिसतात. त्यामुळे दिवसा रेकॉर्डिंगचा प्रश्नच नाही. शेवटची लोकल गेली की पहाटेची पहिली येईपर्यंतचा वेळ तेवढा माझा.

गेला महिनाभर तोही हातातून जातोय. कॉम्प्युटर चालू केला की पहिली पंधरा-वीस मिनिटं घर्रर्र असा आवाज येतो. मग तो थांबतो, पण खाली एक बारीक 'ऊंऽऽ' राहतोच आणि तो माइकमध्ये उतरतो. कालचे चाळीस मिनिटांचे दोन्ही धडे फुकट गेले.

एक टेक्निशियन घरी येऊन गेले. त्यांनी कॅबिनेट जेवणाच्या टेबलावर आडवं ठेवून उघडलं, चालू केलं, तर आवाज गायब! मग अंदाजाने प्रोसेसरवरचा फॅन बदलून दिला आणि साडेआठशे रुपये घेतले. ते गेल्यावर कॅबिनेट जागेवर उभं केलं, रात्री चालू केलं, घर्रर्र तसंच.

मशीन दिरांनी दिलेलं आहे, चार वर्षांचं. पुढे दोन फॅन, मागे एक, दोन पंख्यांचं ग्राफिक्स कार्ड, एक एसएसडी (आत काहीच न फिरणारी डिस्क) आणि एक साधी, फिरणारी हार्ड डिस्क. कुठून सुरुवात करू?

---

ठाणे_स्लो | शुक्रवार, सकाळी ७:३५

ताई, आधी सगळी धूळ काढा. रुळांच्या शेजारची धूळ बारीक आणि काळी असते, पात्यांना चिकटून बसते. माझ्या घरी स्वयंपाकघर शेजारीच आहे. फोडणीची वाफ आणि धूळ मिळून जो थर बसतो तो फुंकरीने जात नाही, एक इंची रंगाचा ब्रश लागतो.

ब्लोअर मारणार असाल तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेच्या झोताने पंखा भलत्याच वेगात फिरतो आणि आहे ते बेअरिंगही जातं.

---

गच्चीवरून | शुक्रवार, सकाळी ९:०२

सोपी युक्ती सांगतो. झाकण काढा, चालू करा आणि एकेक पंखा क्षणभर थांबवा. ज्याला थांबवल्यावर आवाज बंद होईल तो चोर. पातं धरू नका, बोट कापतं आणि पातंही तुटतं. मधला गोल भाग असतो ना, स्टिकरचा, त्यावर पेन्सिलच्या मागचं रबर हलकेच टेकवायचं. दोन-तीन सेकंद पुरेत.

---

सोल्डरगन | शुक्रवार, दुपारी १:२०

वरची युक्ती बरोबर आहे, पण एसएमपीएसच्या, म्हणजे सगळ्या मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, जाळीतून आत काहीही घालू नका. पेन्सिल नको, काडी नको, काही नको. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची. ती आत डीसी झाली की कपॅसिटरवर ३०० च्या वर व्होल्ट बसतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ तिथेच राहतात. मी चाळीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्समध्ये काढली, तरी एसएमपीएस उघडताना आजही दुसरा हात खिशात ठेवतो.

आता मूळ मुद्दा. अक्षरवेळ, तुम्ही शीर्षकातच अर्धं उत्तर लिहून ठेवलंय. आडवं केलं की शांत, ही तक्रार नाही, हा पुरावा आहे. तो टेक्निशियनने वाया घालवला, कारण आवाज थांबला म्हणून त्याने तपासणंच थांबवलं.

डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक पंख्याला एक आस असतो. कॅबिनेट उभं असताना पुढच्या आणि मागच्या पंख्यांचा आस पुढून मागे, म्हणजे जमिनीला समांतर. कॅबिनेट कुशीवर झोपवलं तरी तो समांतरच राहतो. त्या पंख्यांना फरक जवळजवळ कळतच नाही.

आता कुणाचा आस बदलतो ते बघा. प्रोसेसरवरचा कंपनीचा साधा कूलर: उभ्यात समांतर, आडव्यात खडा. ग्राफिक्स कार्ड: उभ्यात पंखे खाली तोंड करून, आस खडा, आडव्यात समांतर. एसएमपीएस: पंखा तळाकडे तोंड करून असेल तर त्याचंही कार्डासारखंच. म्हणजे संशयित तीनच. त्यातला प्रोसेसरचा पंखा बदलून झाला आणि आवाज तसाच राहिला. उरले दोन.

स्वस्त पंख्यात स्लीव्ह बेअरिंग असतं, म्हणजे एक नळी, तिच्यात दांडी आणि मधे तेल. तेल आटलं की दांडी नळीत डगडगते. गार असताना जास्त, जरा तापलं की उरलंसुरलं तेल पातळ होऊन पसरतं आणि आवाज बसतो. तुमची पंधरा-वीस मिनिटं ती हीच. आस समांतर असला की फिरत्या भागाचं वजन दांडीला नळीच्या एका बाजूला दाबून धरतं, म्हणून डगडग कमी. आस खडा असला की तिला धरायला कुणी नाही.

आज रात्री चालू केल्याबरोबर टॉर्च मारून बघा, ग्राफिक्स कार्डाचे पंखे फिरतायत का.

---

अक्षरवेळ | शनिवार, रात्री १:५०

काका, तुमचं लिहिलेलं तीनदा वाचलं आणि पुस्तक उभं-आडवं करून प्रत्येक पंख्याचा आस बोटाने दाखवून पाहिला. आता डोक्यात बसलं.

शेवटची लोकल गेल्यावर झाकण काढून चालू केलं. घर्रर्र लगेच सुरू. टॉर्चने पाहिलं, कार्डाचे दोन्ही पंखे अगदी स्थिर! नंतर वाचलं की कार्ड थंड असलं की काही कंपन्या पंखे बंदच ठेवतात. मग रबर टेकवून पुढचे दोन आणि मागचा एक थांबवून पाहिला. घर्रर्रमध्ये काहीच फरक नाही.

पण मागचा थांबवल्यावर खालचा 'ऊंऽऽ' मात्र बदलला. आधी तो हेलकावे खात होता, ऊंऽ-ऊंऽ-ऊंऽ, सेकंदाला दोन-तीनदा. पंखा थांबला तेव्हा सरळ झाला. बंद नाही झाला, सरळ झाला. हे काय आहे?

---

तंबोरा | शनिवार, सकाळी १०:१५

ऊंऽ-ऊंऽ-ऊंऽ वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. मी गाणं शिकवते, कॉम्प्युटरमधलं मला फार कळत नाही. पण जोडीच्या दोन तारा जवळजवळ जुळल्या असतील आणि अगदी किंचित फरक उरला असेल, तर तंबोऱ्यात नेमके असेच हेलकावे ऐकू येतात. खुंटी फिरवत गेलं की ते हळू हळू होत जातात आणि तारा जुळल्या की थांबतात. तुमच्याकडे दोन वेगळे आवाज जवळजवळ एकाच स्वरात लागले आहेत. एक थांबवलात तर दुसरा सरळ ऐकू आला.

---

सोल्डरगन | शनिवार, सकाळी ११:४०

तंबोरा, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. सेकंदाला जितके हेलके, तितकाच त्या दोन आवाजांच्या कंपनसंख्येतला फरक.

अक्षरवेळ, तुमच्याकडे माइक आहे, त्याचा उपयोग करू. न बोलता एक मिनिट रेकॉर्ड करा. रेकॉर्डिंगसाठी ऑडॅसिटी हा प्रोग्राम वापरत असाल तर 'अ‍ॅनालाइझ' मेनूत 'प्लॉट स्पेक्ट्रम' आहे. 'साइझ' मोठ्यात मोठा निवडा, नाहीतर जवळजवळचे टोक एकत्र दिसतील. टोक कुठे येतायत ते सांगा. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगच्या पानावर) जाऊन मागचा पंखा मिनिटाला किती फेरे घेतो तेही बघा आणि त्याची पाती मोजा.

हिशोब असा: मिनिटाचे फेरे भागिले ६०, गुणिले पाती. पंख्याचा सूर तिथे असतो. हार्ड डिस्कला पाती नाहीत, तिचे नुसते फेरे भागिले ६०. साधारण डेस्कटॉपच्या डिस्क ७२०० फेऱ्यांच्या, म्हणजे १२० हर्ट्झ. ५४०० ची असेल तर ९०.

---

अक्षरवेळ | रविवार, रात्री २:३०

मोजलं! मागच्या पंख्याला ७ पाती, १०५० फेरे. १०५० भागिले ६० म्हणजे साडेसतरा, गुणिले ७, १२२.५ हर्ट्झ. ग्राफवर १२० ला एक उंच टोक आणि त्याला अगदी खेटून दुसरं. मागच्या पंख्याची वायर काढून पुन्हा रेकॉर्ड केलं तर दुसरं टोक गेलं, १२० चं जागेवर. फरक अडीच, आणि हेलकावे सेकंदाला दोन-तीन. हे जुळलं तेव्हा रात्री अडीच वाजता मी एकटीच टाळी वाजवली.

म्हणजे १२० हार्ड डिस्कचं ना? मला आधी वाटलं होतं की विजेचा गुंजारव असेल.

---

सोल्डरगन | रविवार, सकाळी ८:५०

विजेचा असता तर १०० ला आला असता. आपली वीज ५० हर्ट्झची आणि ट्रान्सफॉर्मर त्याच्या दुपटीने गुणगुणतो. १२० म्हणजे डिस्कच, ७२०० ची. खात्री करायला कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्यावर तळवा घट्ट दाबून धरा. ऊं कमी झाला तर पत्रा थरथरतोय. डिस्क स्वतः फारसा आवाज करत नाही, ती पत्र्याला वाजवते.

---

ग्रँटरोडकर | रविवार, दुपारी १२:०५

मी लॅमिंग्टन रोडला दुकानात काम करतो. आज सुट्टी म्हणून सविस्तर लिहितो.

मागच्या पंख्याला तीन पिन आहेत का चार? तीन असतील तर बायोसमध्ये त्या हेडरला (पंख्याची वायर बोर्डावर जिथे लागते त्या जागेला) 'डीसी' मोड द्या, त्यात व्होल्ट कमी करून वेग कमी होतो. 'पीडब्ल्यूएम' मध्ये वेग चौथ्या पिनवरून ठरतो, त्यावर राहिला तर तीन पिनचा पंखा पूर्ण वेगातच पळतो. आमच्याकडे 'फॅन खराब झाला' म्हणून येणाऱ्यांत ही सेटिंगचीच गडबड असलेले कितीतरी असतात. डीसी मोडमध्ये वेग ८०० वर आणा. हवा वेगाच्या प्रमाणात कमी होते, पण आवाज त्याहून खूप जास्त पडतो. वेग निम्मा केला तर साधारण १५ डेसिबल. १०५० वरून ८०० म्हणजे ६ च्या आसपास. रेकॉर्डिंगला प्रोसेसर तापत नाही, तेवढी हवा पुरेल. शिवाय त्याचा सूर ९३ वर जाईल, डिस्कपासून लांब, म्हणजे हेलकावे बंद.

डिस्कला रबराचे वॉशर मिळतात, लांब स्क्रूसकट. डिस्क आणि लोखंडी पिंजरा यांचा थेट संबंध राहायला नको.

घरघरीसाठी कुणी पंख्यात तेल सोडा म्हणेल. कॅबिनेटच्या पंख्याचं ठीक आहे, स्टिकर सोलून शिलाई मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंब. गंज सोडवायचा स्प्रे मारू नका, तो आधी उरलेलं तेलच धुऊन टाकतो आणि आठवड्यात पंखा पहिल्यापेक्षा जास्त ओरडतो. आणि एसएमपीएसच्या पंख्यात तर घरी काहीच करायचं नाही.

---

चाफा_२२ | रविवार, संध्याकाळी ६:१८

मधेच विचारते. अशा वेळी कॅबिनेट चालू असतानाच हळूच आडवं करून पाहिलं तर लगेच नाही का कळणार?

---

सोल्डरगन | रविवार, रात्री ८:३०

नको! डिस्क फिरत असताना कॅबिनेट कलवायचं नाही. आतलं हेड तबकडीपासून केसाच्याही कितीतरी पट कमी अंतरावर तरंगत असतं, एका धक्क्याने डेटा जाऊ शकतो. बंद करा, आडवं करा, मग चालू करा. आणि दोन्ही वेळा मशीन सारखंच गार हवं. एका रात्री उभं, दुसऱ्या रात्री आडवं. एकाच रात्री दोन्ही केलंत तर आवाज आडवं केल्याने गेला की तापल्याने गेला, हे कळणार नाही.

टेक्निशियनच्या बाबतीत तेही झालं असेल. दिवसभर चालू असलेलं मशीन त्याने बंद केलं असेल आणि गरम असतानाच उघडलं असेल.

---

अक्षरवेळ | मंगळवार, रात्री ३:०५

खरंच, ते आले तेव्हा मी सकाळपासून मेल बघत बसले होते. मशीन गरमच होतं. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

तुम्ही सांगितलं तसं केलं. काल आडवं ठेवून गार चालू केलं: एक बारीकशी खरखर, दोन मिनिटांत बंद. आज उभं ठेवून गार चालू केलं: घर्रर्र, सतरा मिनिटं.

माझा भाचा दहावीला आहे, या सगळ्यात तो माझ्यापेक्षा जास्त रंगलाय. तो हार्डवेअरच्या दुकानातून गवंड्यांची लेव्हलची पारदर्शक नळी घेऊन आला, दीड मीटर. म्हणाला, मावशी, डॉक्टर ऐकतात तसं ऐकू. एक टोक माझ्या कानाशी आणि दुसरं तो फिरवत होता. पुढच्या पंख्यांपाशी नुसता वाऱ्याचा आवाज. मागच्या पंख्यापाशी वारा आणि थोडी गुणगुण. हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापाशी ऊंऽ. मग नळी खाली नेऊन त्याने एसएमपीएसच्या मागच्या जाळीपासून चार बोटं अलीकडे धरली. कानात एकदम जातं फिरल्यासारखं झालं. मधेच अडखळल्यासारखा खट्, पुन्हा फेरा, पुन्हा खट्. इतकं स्पष्ट की मी दचकून नळी बाजूला केली. मग त्याने ऐकलं, मग सासूबाईही उठून आल्या आणि त्यांनीही ऐकलं. त्या म्हणाल्या, "हे तर कोरडं फिरतंय, तेल मागतंय."

मग कॅबिनेट बंद करून खालून पाहिलं. तळाला एसएमपीएसच्या पंख्यासमोर एक जाळीची फिल्टरची पट्टी आहे. ती ओढून काढली तर कापडासारखा राखाडी थर, आणि दमट. कॅबिनेट जमिनीवरच असतं, रोज फरशी पुसताना ओलं फडकं त्याच्या पायांपर्यंत जातं. चार वर्षं तो पंखा त्या थरातून हवा ओढत होता.

---

ठाणे_स्लो | मंगळवार, सकाळी ७:४०

सासूबाईंना नमस्कार सांगा. आणि कॅबिनेट जमिनीवरून उचला. लाकडी पाट चालेल, चार इंच तरी वर. पाटाने तळाची जाळी झाकली जाणार नाही एवढं बघा.

---

ग्रँटरोडकर | मंगळवार, सकाळी १०:१०

दिरांकडे बिल आहे का बघा. चांगल्या एसएमपीएसवर पाच वर्षांची वॉरंटी सर्रास असते, काहींवर सात किंवा दहा. तुमचा चार वर्षांचा आहे, बदलून मिळायला हवा. उघडू मात्र नका, सील तुटलं की वॉरंटी गेली.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. वायरी सुट्या निघणारा एसएमपीएस असेल, तर जुन्याच्या वायरी नव्याला लावू नका, कनेक्टर बसला तरीही. एसएमपीएसच्या बाजूची पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचीही वेगळी. डिस्कच्या पाच व्होल्टच्या जागी बारा व्होल्ट गेले की डिस्क तिथेच संपते. वायरी वाचवायला गेलेल्या माणसाच्या मुलीचे सगळे फोटो गेलेले मी काउंटरवर उभं राहून पाहिलेत. नव्याबरोबर आलेल्याच वायरी टाका, वेळ लागला तरी.

---

गच्चीवरून | मंगळवार, दुपारी २:२५

बदलून येईपर्यंत रेकॉर्डिंग थांबवू नका. शेवटच्या लोकलच्या अर्धा तास आधी मशीन चालू करून ठेवा. आपल्या वेळेपर्यंत घरघर बसलेली असेल.

---

सोल्डरगन | मंगळवार, दुपारी ४:००

आठवडाभर चालेल, त्याहून जास्त नको. उद्या पंखा अडकला तर एसएमपीएस आतल्या आत तापेल. आणि रात्री सगळे झोपल्यावर मशीन नुसतं चालू सोडू नका.

---

अक्षरवेळ | दोन आठवड्यांनी, रविवार, रात्री १:४०

मंडळी, उशीर झाला, पण सगळं झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

दिरांकडे बिल निघालं, चक्क मशीनच्या मूळ खोक्यात. वॉरंटी पाच वर्षांची. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी आधी टेबलावर आडवा ठेवून चालवला आणि म्हणाले आवाज नाही. मी म्हटलं, पंखा खाली तोंड करून धरा आणि गार असताना चालवा, तोपर्यंत मी बाहेर थांबते. अर्ध्या तासाने बोलावलं आणि एकही प्रश्न न विचारता फॉर्म भरून घेतला. नऊ दिवसांनी नवा मिळाला. वायरी नव्याच्याच लावल्या. भाच्याने प्रत्येक वायरीला कागदी चिठ्ठी बांधून फोटो काढून मगच जुनी काढली.

मागचा पंखा तीन पिनचाच निघाला आणि सेटिंग पीडब्ल्यूएम होतं. डीसी करून ८०० वर आणला. डिस्कला रबराचे वॉशर लावले. १२० चं टोक अजून आहे, पण पूर्वीच्या मानाने बुटकं. शिवाय आता रेकॉर्डिंग एसएसडीवर करते आणि विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये पाच मिनिटांनी डिस्क थांबायला सांगितलंय. ती थांबली की ग्राफवर त्या जागी काहीच नाही. सकाळी धडे डिस्कवर हलवते.

शांततेचं रेकॉर्डिंग आधी उणे ४८ डेसिबल होतं, आज उणे ६१. काल पहिल्यांदा हेडफोनमध्ये मला माझ्याच कागदाची पानं उलटताना ऐकू आली, ती आता जपून उलटते. फुकट गेलेले दोन्ही धडे पुन्हा वाचून झाले.

तंबोरा ताई, तुमचं वाक्य भाच्याने त्याच्या भौतिकशास्त्राच्या बाईंना सांगितलं. त्यांनी वर्गात दोन मोबाइलवर १२० आणि १२२ चे सूर एकत्र वाजवून दाखवले.

---

चाफा_२२ | रविवार, सकाळी ९:३०

ताई, माझ्याही कॅबिनेटमधून गेल्या पावसापासून असाच आवाज येतोय. मी हिंदू कॉलनीत राहते. ती लेव्हलची नळी कुठे मिळाली?

---

अक्षरवेळ | रविवार, सकाळी ११:१५

विकत घेऊ नका, माझी घेऊन जा. साबणाच्या पाण्याने धुऊन ठेवली आहे. मेसेज करा, संध्याकाळी सहानंतर मी घरीच असते. चालू करायच्या आधी मशीन चार-पाच तास बंद ठेवा.